कापूस वेचणाऱ्या कंबरेचा हिशेब: अंगावरच्या सेन्सरने हालचाल कशी मोजायची

सेन्सर कुठला घेऊ, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. खरं तर त्याचा नंबर चौथा-पाचवा. आधी वहीत एक ओळ लिहा: कोणाची हालचाल, कुठली, किती वेळ मोजायची, आणि आकडा हाती आल्यावर त्याचं करायचं काय. ही ओळ लिहिता आली नाही तर सेन्सर घेऊ नका. फायलींचा ढीग साठेल आणि त्यातून काय काढायचं ते कळणार नाही.

खानदेशात यासाठी विषय शोधत हिंडायची गरज नाही. चोपडा, पारोळा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा, कुठल्याही रस्त्याला दिवाळीच्या आगेमागे निघा, वावरात वाकलेल्या बाया दिसतातच. ‘कंबर दुखस का?’ असं विचारलं की बहुतेकींचं उत्तर हसण्यात येतं. त्या हसण्याचा आकडा काढायचा असेल तर ओळ अशी लिहा: ‘पहिल्या वेचणीत बाई तासातला किती वेळ ६० अंशांपेक्षा जास्त वाकलेली असते, आणि मध्ये किती वेळा सरळ उभी राहते?’ एवढ्या एका ओळीने सेन्सर किती, तो कुठे बांधायचा, किती वेगाने नोंद घ्यायची आणि शेवटी कुठला आलेख काढायचा, हे बरंचसं ठरून जातं. पुढे हेच उदाहरण धरून लिहिलं आहे. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी शेवटाकडे चालण्याच्या मोजणीबद्दलही थोडं आहे.

सेन्सरला नक्की काय कळतं

अंगावर बांधायच्या बहुतेक हालचाल-सेन्सरांत दोन भाग असतात. ॲक्सेलरोमीटर त्वरण मोजतो आणि गायरोस्कोप फिरण्याचा वेग, म्हणजे सेकंदाला किती अंश, हे मोजतो. काहींत तिसरा, चुंबकीय दिशा सांगणारा मॅग्नेटोमीटरही असतो.

ॲक्सेलरोमीटर टेबलावर स्थिर ठेवला तरी शून्य दाखवत नाही. वरच्या दिशेच्या अक्षावर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग दाखवतो, कारण गुरुत्वाकर्षण त्याला सतत जाणवत असतं. नवख्याला ही अडचण वाटते, पण आपलं काम त्यावरच चालतं. गुरुत्वाची दिशा पक्की असल्यामुळे सेन्सर तिच्याशी किती कललाय ते काढता येतं, आणि पाठीवर बांधलेला सेन्सर जितका कलला तितकी पाठ वाकली. मात्र माणूस झटक्याने हलला की गुरुत्वात हालचालीचं त्वरण मिसळतं आणि कोन खोटा येतो.

गायरोस्कोपचं दुखणं उलटं. झटके त्याला नीट कळतात, पण स्थिर असतानाही तो थोडासा आकडा दाखवत राहतो. सेकंदाला अर्धा अंश एवढी चूक असली आणि तुम्ही ती बेरीज करत गेलात, तर एका मिनिटात पाठ ३० अंश वाकलेली दिसेल, बाई सरळ उभी असली तरी. म्हणून दोघांचा मेळ घालावा लागतो. ते सूत्र पुढे येईल.

त्वरणाची दोनदा बेरीज करून ‘माणूस किती मीटर चालला’ हे काढायचा मोह प्रत्येकाला होतो. करू नका. गुरुत्वाच्या शंभराव्या भागाएवढी चूक सेन्सरात असेल, तर एका मिनिटानंतर उत्तर सुमारे १७६ मीटरने चुकतं. अंतर हवं असेल तर सरळ टेप धरा.

साधन: आधी खिशातला फोन

पहिली मोजणी फोनवरच करा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे. त्यात ‘गुरुत्वासह त्वरण’ आणि गायरोस्कोप या दोन्हींची नोंद होते आणि फाईल सीएसव्ही किंवा एक्सेलमध्ये बाहेर काढता येते. ठरावीक वेळाने सुरू आणि ठरावीक वेळाने बंद अशी वेळबांधणीही आहे. ती वापराच. फोन पाठीवर बांधल्यावर बटण दाबायला हात पोचत नाही. ॲप समोर उघडं राहू द्या, स्क्रीन आपोआप बंद होण्याची सेटिंग आधी बदला आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. मध्येच कोणाचा कॉल आला तर थरथराटाची सुंदर नोंद होईल, कामाची नाही.

फोनचा तोटा वजनाचा. केससकट दोनशे ग्रॅमच्या पुढे जाणारी वस्तू पाठीवर डुलते, आणि ते डुलणं नोंदीत उतरतं. पद्धत शिकायला फोन चांगला, पण वावरात तीन-चार तासांच्या मोजणीसाठी छोटा सेन्सरच बरा.

स्वस्तातली जोडणी म्हणजे एमपीयू-६०५० हा सेन्सर, ईएसपी-३२ हा बोर्ड आणि मायक्रो एसडी कार्डाचं मॉड्यूल. सेन्सरला बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून वीज द्या. एसडीए पिन २१ ला आणि एससीएल पिन २२ ला जोडा. कार्डासाठी १८, १९, २३ आणि ५ या पिना वापरतात. एमपीयू-६०५० वीज मिळाल्यावर झोपेतच असतो, त्याला प्रोग्रॅममधून जागं करावं लागतं. सगळी जोडणी बरोबर असून आकडे शून्यच येत असतील तर आधी हेच पाहा. बाजारात याच नावाने दुसऱ्या चिपाही खपतात. सेन्सरचं ओळख-रजिस्टर, म्हणजे चिपमध्ये तिचा ओळख-क्रमांक ठेवलेली जागा, प्रोग्रॅममधून वाचलं की हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) ६८ यायला हवं. वेगळं काही आलं तर चिप वेगळी आहे आणि तिची मापं वेगळी असू शकतात.

विजेच्या बाबतीत एक गंमत आहे. हा सगळा संच इतकी कमी वीज खातो की अनेक पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या थोड्या वेळाने स्वतःहून बंद होतात. घरी टेबलावर पाच मिनिटं चाललेला संच वावरात अर्ध्या तासात गप्प होण्याचं हे नेहमीचं कारण. १८६५० चा (परत चार्ज होणारा लिथियमचा) सेल, त्याचं संरक्षण-सर्किट असलेलं बॅटरी शील्ड, आणि वायफाय बंद ठेवून कार्डावर नोंद, ही जोडणी भरवशाची. सेल अंगाला थेट लागू देऊ नका आणि संच उन्हात बांधावर पडू देऊ नका.

हातातलं फिटनेस घड्याळ चालेल का, असं हमखास विचारतात. कंबरेसाठी नाही. वेचणीत हात सतत बोंडांकडे जातो-येतो, त्यामुळे मनगटावरचा सेन्सर हाताची गोष्ट सांगतो आणि पावलंही त्याच हालचालीवरून मोजून बसतो. शिवाय अशी बहुतेक घड्याळं कच्चे आकडे देतच नाहीत, स्वतःच शिजवलेला निष्कर्ष देतात.

नोंदीचा वेग आणि पल्ला

पाठ वाकण्याची हालचाल संथ असते. सेकंदाला ५० नोंदी भरपूर झाल्या. चालण्यासाठी १०० घ्या. धावताना पायावर सेन्सर असेल तर २०० च्या आसपास. जास्त घेतलं तर चांगलंच, असं नाही. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. सेकंदाला १०० नोंदी घेतल्या तर तीन तास पुरे व्हायच्या आत पान भरतं, ५० घेतल्या तर पावणेसहा तासांच्या वर चालतं.

पल्ला म्हणजे सेन्सर जास्तीत जास्त किती मोठा आकडा मोजेल ती मर्यादा. ॲक्सेलरोमीटरचा पल्ला पाठीसाठी ±४ जी ठेवा (एक जी म्हणजे गुरुत्वाएवढं त्वरण). पायावर, जिथे टाच आपटते, तिथे ±१६ जी. गायरोस्कोप पाठीसाठी सेकंदाला ±५०० अंश, नडगीसाठी ±१०००. पल्ला लहान ठेवला आणि हालचाल त्याबाहेर गेली तर आलेखाचा माथा सपाट कापलेला दिसतो, आणि कापला गेलेला भाग परत मिळत नाही. एमपीयू-६०५० मध्येच एक गाळणी (फिल्टर) आहे, ती जलद थरथर काढून टाकते. ५० च्या वेगाला तिची २१ हर्ट्झची पायरी निवडा, १०० च्या वेगाला ४४ ची. नियम सोपा आहे: गाळणी नोंदीच्या वेगाच्या निम्म्याहून खाली हवी.

प्रत्येक ओळीत वेळ लिहा, मिलिसेकंदात. कार्डावर लिहिताना बोर्ड मधूनच अडखळतो आणि काही नोंदी गळतात. वेळेचा स्तंभ असेल तर खड्डा दिसतो. नसेल तर पुढचं सगळं सरकतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

शून्य ठरवणं

गायरोस्कोपसाठी संच सपाट, घट्ट जागी दोन मिनिटं हात न लावता ठेवा. तिन्ही अक्षांची सरासरी काढा आणि पुढच्या सगळ्या आकड्यांतून वजा करा. हे वावरात पोचल्यावर करा, घरी नको. गायरोचं शून्य तापमानाबरोबर सरकतं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी किती फरक असतो ते सांगायला नको. संच सावलीत दहा मिनिटं चालू ठेवून, तो तिथल्या हवेला सरावल्यावर शून्य घ्या.

ॲक्सेलरोमीटरला सहा बाजूंची तपासणी लागते. डबी प्रत्येक बाजूवर पाळीपाळीने स्थिर ठेवून दहा-दहा सेकंद नोंद घ्या. प्रत्येक अक्षाला एक सर्वात मोठा आणि एक सर्वात लहान आकडा मिळेल. दोघांच्या बेरजेचा निम्मा म्हणजे त्या अक्षाची चूक. दोघांच्या वजाबाकीचा निम्मा ९.८१ यायला हवा. जितका कमी-जास्त असेल त्या प्रमाणात तो अक्ष दुरुस्त करायचा. ही तपासणी हंगामात एकदा आणि संच आपटला असेल तर पुन्हा.

कुठे बांधायचा: इथेच बहुतेक मोजण्या बिघडतात

परदेशी माहितीपत्रकांत सेन्सर कंबरेला, मणक्याच्या खालच्या टोकाशी बांधलेला दाखवतात. तिथे बांधणं वाईट नाही, पण वेचणारीच्या कंबरेला ओटी असते. कापूस भरत जातो तशी ओटी फुगते, जड होते, कंबरेचं कापड पुढे ओढते आणि मागचा पट्टा वर सरकतो. तासाभराने सेन्सर सुरुवातीला जिथे होता तिथे नसतो. ओटी रिकामी केली की पट्टा पुन्हा खाली. आलेखात ही दर फेरीची हळूहळू चढण आणि अचानक उतार दिसतो, आणि ज्याने वेचणी पाहिली नाही तो त्याला ‘थकव्याचा परिणाम’ म्हणून लिहून मोकळा होतो.

म्हणून एकच सेन्सर असेल तर तो पाठीच्या वरच्या भागात, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये बांधा. रुंद इलॅस्टिकचा पट्टा बगलांखालून फिरवा, त्याला खांद्यावरून दोन बंद द्या, म्हणजे तो घसरणार नाही. बहुतेक बाया वावरात साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. सेन्सर त्या शर्टाच्या आत, ब्लाउजवर बसला पाहिजे. शर्टावर बांधला तर तो कापडाची हालचाल मोजतो. बांधायला बाईच हवी. विद्यार्थ्यांच्या गटात मुलगी नसेल तर गावातल्या आशाताईंना किंवा एखाद्या ओळखीच्या मावशींना आधी सांगून ठेवा. घाम येणारच हे धरून चाला: सेन्सर झिपच्या छोट्या पिशवीत, पिशवी पट्ट्याच्या खिशात.

दुसरा सेन्सर असेल तर तो माकडहाडाच्या वर, ओटीच्या गाठीखाली, त्वचेला चिकटणाऱ्या वैद्यकीय टेपने लावा. वरच्या आणि खालच्या सेन्सरच्या कोनांतला फरक म्हणजे कंबरेतून झालेलं वाकणं, उरलेलं खुब्यातून. गुडघे वाकवून बसणारी आणि गुडघे ताठ ठेवून कंबरेतून मोडणारी, या दोघींचा वरचा कोन सारखा दिसू शकतो. फरक खालच्या सेन्सरने कळतो.

डबीवर बाणाने वरची दिशा काढा. पूर्ण लेखात मी अशी मांडणी धरली आहे: वाय अक्ष डोक्याकडे, झेड अक्ष पाठीमागे बाहेरच्या दिशेने, एक्स अक्ष बाईच्या उजव्या हाताकडे. फोन स्क्रीन बाहेर करून उभा बांधला की हीच मांडणी होते. बांधल्यावर फोटो काढा, चेहरा न येता.

संमती, मजुरी आणि मुकादम

हा भाग लोक शेवटच्या परिच्छेदात उरकतात. माझ्या मते तो मोजणीच्या आधी आणि मोजणीएवढाच मोठा आहे.

वेचणीची मजुरी किलोवर असते. सेन्सर बांधायला, तपासायला, काढायला लागणारी पंधरा-वीस मिनिटं म्हणजे तिचा गेलेला कापूस. त्याचे पैसे आधी ठरवून द्या. संमतीचा छापील मराठी कागद पुढे करून अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. जिथे अहिराणी बोलतात तिथे अहिराणीत, रावेर-यावलकडे लेवा बोलीत, सातपुड्याच्या पायथ्याला पावरीत कोणीतरी समजावून सांगणारं हवं. डबी काय करते, आवाज किंवा फोटो घेते का, मध्येच काढून टाकली तर चालेल का, हे तीन प्रश्न येतातच. त्यांची उत्तरं साध्या शब्दांत तयार ठेवा. महाविद्यालयाचा प्रकल्प असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही आहे. फाईलला नाव देऊ नका, क्रमांक द्या, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या वहीत कुलपात ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे आकडे मुकादमाला किंवा शेतमालकाला मिळता कामा नयेत. ‘कोण किती वेळा सरळ उभी राहिली’ हा तुमच्यासाठी आरोग्याचा आकडा, त्यांच्यासाठी कामचुकारीचा. मालक सेन्सरचा खर्च द्यायला तयार असेल तर दुप्पट सावध राहा.

वावरात

दव उतरल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही, ओला कापूस भाव घालवतो. तेवढ्या वेळात सेन्सर बांधून होतो. मग पुढचा क्रम चुकवू नका.

सेन्सर सुरू झाल्यावर बाईला दहा सेकंद सरळ, नजर समोर ठेवून उभं राहायला सांगा. हा तिचा स्वतःचा शून्य अंश. कोणाची पाठ मुळातच थोडी पुढे झुकलेली असते, त्यामुळे सगळ्यांना एकच शून्य लावता येत नाही. मग तिला तीन वेळा सावकाश पुढे वाकून सरळ व्हायला सांगा. आलेखात हे तीन उंचवटे स्पष्ट दिसले तर सेन्सर बरोबर बसला आहे. ते वाय-झेडमध्ये न दिसता एक्सवर दिसले तर डबी तिरकी आहे.

नंतर सेन्सरवर बोटाने तीन टिचक्या मारा, आणि त्याच वेळी दुसऱ्या फोनच्या व्हिडिओत त्या दिसू द्या. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे दोन्ही घड्याळं सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकी जुळतात. आपल्या कामाला ते पुष्कळ. मोजणी संपतानाही टिचक्या मारा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टिचक्यांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं नसेल तर बोर्डाचं घड्याळ हळू किंवा वेगात चालतं आहे.

पूर्ण वेळ व्हिडिओ काढत बसू नका. सुरुवातीची पाच मिनिटं, मधली पाच, शेवटची पाच, पाठमोरं, दुरून. बाकीच्या वेळी बांधावर वही घेऊन बसा. पाणी प्यायला कधी गेली, ओटी कधी रिकामी केली, पात कधी बदलली, पऱ्हाटी (कपाशीचं झाड) कंबरेएवढी आहे की छातीएवढी, सगळं घड्याळाच्या वेळेसकट लिहा. ओटी रिकामी करताना साध्या काट्यावर वजन घ्या, कारण पाठीवर भार किती होता हे सेन्सरला कळत नाही. ती १० अंशांत ओझं घेऊन उभी होती की रिकामी, त्याच्यासाठी दोन्ही सारखंच.

वेचणी कितवी आहे हे पहिल्या ओळीत लिहा. कपाशीची बोंडं खालच्या फांद्यांपासून वरती फुटत जातात. पहिल्या वेचणीत हात खाली जातो, पुढच्या वेचण्यांत वर येतो. पहिल्या वेचणीतल्या एकीची तुलना तिसऱ्या वेचणीतल्या दुसरीशी केली तर तुम्ही दोन बाया नाही, झाडाच्या दोन उंच्या मोजल्या. तीच गोष्ट वाणाची आणि लागवडीच्या अंतराची.

पहिल्या दिवशी दहा मिनिटांचीच मोजणी घ्या आणि बांधावरच लॅपटॉपवर आलेख पाहा. चार तासांनी घरी जाऊन फाईल रिकामी निघण्यापेक्षा ते बरं.

आकड्यांची मशागत

फाईल उघडल्यावर प्रथम मूळ प्रत वेगळी ठेवा, तिला हात लावायचा नाही. मग वेळेच्या स्तंभातल्या लगतच्या दोन ओळींचा फरक काढा. ५० च्या वेगाला तो २० मिलिसेकंद हवा. जिथे १०० च्या वर गेला तिथे खूण करा. छोटे खड्डे मधल्या आकड्यांनी भरता येतात, एक-दोन सेकंदांचा खड्डा मात्र तसाच सोडून त्या भागाचा हिशेबच करू नका.

कच्चे आकडे एककांत आणा. एमपीयू-६०५० वर ±४ जी पल्ल्याला कच्चा आकडा ८१९२ ने भागला की जी मिळतं, आणि सेकंदाला ±५०० अंशांच्या पल्ल्याला ६५.५ ने भागलं की अंश प्रति सेकंद. पल्ला बदलला की भागाकारही बदलतो.

आता कोन. आपल्या मांडणीत सरळ उभं असताना सगळं गुरुत्व वायवर असतं आणि पूर्ण आडवं वाकल्यावर झेडवर जातं. म्हणजे कोनाचा टॅन्जंट झेड भागिले वाय. यासाठी ‘एटॅन-टू’ हे फंक्शन वापरा, साधा ‘एटॅन’ ९० अंशांच्या पुढे दगा देतो. इथे एक खोच आहे. एक्सेलमध्ये या फंक्शनला आधी वाय आणि मग झेड द्यायचा, पायथनमध्ये आधी झेड आणि मग वाय. उलटं केलं तर उभी बाई ९० अंशांवर दिसते. उत्तर रेडियनमध्ये येतं, त्याचे अंश करा, आणि सुरुवातीच्या दहा सेकंदांची सरासरी वजा करा.

वेचणीसारख्या संथ कामाला हा कोन, वर एक सेकंदाची सरकती सरासरी, एवढं पुष्कळदा पुरतं. जास्त नेमकं हवं असेल तर गायरोचा मेळ घाला:

नवा कोन = ०.९८ × (जुना कोन − एक्सचा गायरो × ०.०२) + ०.०२ × ॲक्सेलरोमीटरचा कोन

कंसातला ०.०२ म्हणजे दोन नोंदींमधले सेकंद. कंसाबाहेरचा ०.०२ म्हणजे ॲक्सेलरोमीटरवर ठेवलेला विश्वास. दोघे सारखे दिसतात हा योगायोग. वजाचं चिन्ह आपल्या मांडणीमुळे आलं आहे: पुढे वाकताना एक्सचा गायरो ऋण आकडा देतो. चिन्ह चुकलं तर वाकण्याच्या सुरुवातीला आलेख आधी उलट्या दिशेला डुबकी मारतो आणि मग सावकाश वर येतो. तशी डुबकी दिसली की चिन्ह बदला.

०.९८ हा आकडा लोक डोळे झाकून उचलतात. ५० च्या वेगाला त्याचा अर्थ होतो की साधारण एका सेकंदापर्यंत गायरोवर भरवसा, त्यापुढे गुरुत्वावर. नोंदीचा वेग १०० केला आणि ०.९८ तसाच ठेवला तर तो एक सेकंद अर्धा होतो. तोच परिणाम हवा असेल तर ०.९९ घ्यावा लागेल. मॅडविक किंवा कालमन गाळणी याहून प्रगत आहेत, तयार कोडही मिळतो, पण या प्रश्नाला त्यांची गरज नाही. मॅग्नेटोमीटरचीही नाही. वाकण्याचा कोन गुरुत्वावरून मिळतो, आणि लोखंडी ट्रॉलीजवळ चुंबकीय दिशा भरकटते.

कोनातून अर्थ

कामाच्या आसनाची तपासणी करणाऱ्या रूला (१९९३) आणि रेबा (२०००) या दोन्ही पद्धतींत धडाच्या पुढे वाकण्याचे टप्पे २० आणि ६० अंशांवर पाडले आहेत. तेच घ्या, म्हणजे तुमचं काम इतरांच्या कामाशेजारी ठेवता येईल. एक्सेलमध्ये ‘काउंटइफ’ने तिन्ही पट्ट्यांतल्या ओळी मोजा, एकूण ओळींनी भागा, टक्के मिळाले. ‘पर्सेंटाइल’ने १०, ५० आणि ९० वा शतमान काढा, म्हणजे तितके टक्के वेळ पाठ ज्या कोनाच्या खाली होती तो कोन. सरासरी कोनावर थांबू नका. समजा एक बाई अर्धा वेळ सरळ आणि अर्धा वेळ ८० अंशांत आहे, दुसरी सगळा वेळ ४० अंशांत. दोघींची सरासरी ४०. कंबरेच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामं आहेत.

वाकण्याच्या खेपा मोजताना एकच सीमा ठेवू नका. ६० च्या आसपास पाठ दोन-तीन अंश हलली तरी दहा खेपा मोजल्या जातील. ६० च्या वर गेली की खेप सुरू, २० च्या खाली आली की संपली, असं दुहेरी बंधन घाला. माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा म्हणजे ६० अंशांवर सलग राहिलेला सर्वात लांब काळ, आणि त्यानंतर २० च्या खाली, निदान पाच सेकंद, अशी विश्रांती किती वेळाने मिळाली. टक्क्यांत हे लपतं.

मग वही उघडा. आलेखात सव्वाअकराला वीस मिनिटं पाठ सरळ दिसते ती चहामुळे की सेन्सर सुटल्यामुळे, हे फक्त वही सांगेल. आणि शरीराच्या कुठल्या भागात दुखतं हे विचारायला नॉर्डिक प्रश्नावली (१९८७) वापरा. चित्रावर बोट ठेवून उत्तर देता येतं, वाचता यायची अट नाही. कोन म्हणजे दुखणं नव्हे. दोन्ही शेजारी ठेवा, एकातून दुसरं काढू नका.

हाच संच पायावर

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पेशंटची चाल कशी सुधारते हे पाहायचं तर दोन सेन्सर, दोन्ही नडग्यांच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर बांधा. इथे गायरोचा आलेख बोलतो. पाय हवेतून पुढे येताना एक मोठा उंचवटा येतो, त्याच्या अलीकडे बोटं जमीन सोडतात तिथे एक खाच आणि पलीकडे टाच टेकते तिथे दुसरी. टाच ते त्याच पायाची टाच म्हणजे एक चक्र. निरोगी चालीत चक्राचा साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ थांबतो, म्हणून डाव्या-उजव्यातला फरक हाच पाहायचा आकडा.

जागा सपाट हवी, दवाखान्याचा किंवा कॉलेजचा लांब व्हरांडा उत्तम. काळ्या मातीच्या ढेकळांत घेतलेली चाल गुडघ्याबद्दल कमी आणि जमिनीबद्दल जास्त सांगते. सुरुवातीचे आणि शेवटचे दोन मीटर तसंच वळणं वगळा. पेशंटच्या बाजूला एक माणूस चालत राहू द्या, आणि अर्थ लावायला फिजिओथेरपिस्ट हवाच.

केळीच्या बागेत घड वाहणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथे वाकणं कमी, डोक्यावर किंवा खांद्यावर वजन घेऊन ओल्या सरीतून चालणं जास्त. सेन्सर पाठीवर आणि नडगीवर दोन्हीकडे लागेल, पल्ला ±८ जी ठेवावा लागेल, आणि प्रत्येक घडाचं वजन वहीत हवं.

आकडे परत देणं

आलेख तयार झाला की आधी तो जिचा आहे तिला दाखवा, टक्क्यांत नव्हे, चित्रात: लाल पट्टी म्हणजे वाकलेली, हिरवी म्हणजे सरळ. एकटीला दाखवा, सगळ्यांत नको. ती लगेच सांगेल की इथे खालची बोंडं होती, इथे सापाची कात दिसली म्हणून सगळ्या उभ्या राहिल्या, इथे लेकरू रडत होतं. हे सगळं वहीत त्या वेळेसमोर लिहा, विश्लेषण त्याने बदलतं. गटाचे आकडे सांगायचे तर सगळ्यांचे एकत्र करून, आणि निदान इतक्या जणींचे की कोणती रेघ कोणाची ते ओळखू येणार नाही.

दुसऱ्या वेचणीला जाताना तोच पट्टा, तीच जागा, तोच नोंदीचा वेग ठेवा. मधल्या काळात चिप किंवा फोन बदलला असेल तर सहा बाजूंची तपासणी पुन्हा करून तिची तारीख फाईलच्या नावात टाका.